किल्ल्यावरच्या चित्रांना रंग देताना: आधी अस्तर, मग रंग

दिवाळीच्या किल्ल्यावर वसुबारसेला झकास दिसणारे मावळे भाऊबीजेपर्यंत पायापासून सोलायला लागतात. घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला की बोटाला तपकिरी रंग लागतो. भगव्या झेंड्याला पाच हात दिले तरी तो मळकटच दिसतो. या तिन्ही तक्रारी घेऊन लोक दुकानात जातात आणि आणखी महाग रंग घेऊन येतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच होतं.

रंगाचा दोष फार क्वचित असतो. चित्र, म्हणजे किल्ल्यावर मांडायची ही छोटी मूर्ती, कशाचं आहे हे न पाहता रंग घेतलेला असतो, आणि चित्र व रंग यांच्यामध्ये जो थर हवा तो एक तर नसतो किंवा चुकीचा असतो. त्या थराला आपण अस्तर म्हणतो, दुकानदार प्रायमर म्हणतो. खालचा सगळा लेख मुख्यतः त्याच थराबद्दल आहे. दीड-दोन इंचांपासून चार-पाच इंचांपर्यंतची किल्ल्यावरची चित्रं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. त्याहून लहान, म्हणजे टेबलावर मांडून खेळायच्या खेळांतल्या २८ किंवा ३२ मिलिमीटरच्या आकृती रंगवणाऱ्यांनाही क्रम हाच लागू पडतो, फक्त थर आणखी पातळ हवेत.

सुरुवात करण्याआधी: दिवस मोजा

प्लॅस्टरचं नवीन चित्र वाळायला चार-पाच दिवस, अस्तराला एक दिवस, रंगाला दोन-तीन दिवस, वरच्या वॉर्निशआधी एक दिवस आणि नंतर एक दिवस. दसऱ्याला सुरुवात केली तर वसुबारसेपर्यंत साधारण सतरा दिवस हातात असतात, कोजागिरीला केली तर बारा. धनत्रयोदशीच्या रात्री बसून एका बैठकीत सगळं उरकायचं असेल, तर हा लेख उपयोगाचा नाही. घाईत दिलेला प्रत्येक थर खालच्या ओल्या थरावर बसतो आणि दोन्ही मिळून निघतात.

आणखी एक गोष्ट आजच बाजूला काढून ठेवा: एक मोडकं चित्र. हात तुटलेला मावळा, शेपूट गेलेला घोडा, काहीही चालेल, पण बाकीच्यांसारख्याच मालाचं असावं. प्रत्येक थराची तालीम आधी त्याच्यावर करायची.

१. चित्र कशाचं आहे ते ओळखा

चित्र उलटं करा आणि तळावर बघा. वरून रंग असला तरी तळ बहुधा कोरा असतो.

प्लॅस्टर: नखाने ओरखडा काढला की पांढरी भुकटी निघते. पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच आत शोषला जातो, पण जागा चिकट होत नाही.

शाडू किंवा कच्ची माती: रंग राखाडी किंवा मातकट. थेंब टाकून बोटाने चोळलं की चिखल होतो.

भाजलेली माती: विटेचा रंग, टिचकी मारली की खणखणीत आवाज. पाणी शोषते, पण विरघळत नाही.

कडक प्लॅस्टिक: पाणी शोषत नाही, पातळ भाग वाकवला तर मोडतो.

मऊ प्लॅस्टिक: भाला किंवा तलवार वाकते आणि परत सरळ होते. पिशवीत डझनावारी मिळणारे सैनिक बहुतेक याच जातीचे.

छापील चित्र: थ्री-डी प्रिंटरवर काढलेलं. अंगावर बारीक आडव्या रेघा दिसतात. रेझिनचं असेल तर तपशील फार सुरेख असतो आणि ते नीट पक्कं झालं नसेल तर हाताला किंचित चिकट लागतं.

बाजारातून रंगवलेलीच चित्रं आणून त्यांच्यावर पुन्हा रंग द्यायचा असेल, तर ओल्या फडक्याने एक कोपरा पुसा. रंग फडक्यावर आला तर तो पूर्ण उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाण्याने निघणाऱ्या थरावर जगातलं कोणतंही अस्तर टिकत नाही, कारण ते चित्राला नव्हे, त्या सुटत्या थराला चिकटलेलं असतं.

२. वाळवणं, घासणं, धुणं

सगळ्यांत जास्त नुकसान या टप्प्यावर होतं, आणि इथेच सगळ्यांत कमी वेळ दिला जातो.

*प्लॅस्टर.* साच्यातून काढल्यावर अर्ध्या तासात कडक झालं म्हणजे वाळलं, असं नव्हे. कडक होणं ही रासायनिक क्रिया आहे. त्यासाठी लागतं त्यापेक्षा बरंच जास्त पाणी आपण कालवताना घातलेलं असतं, आणि ते नंतर कित्येक दिवस हळूहळू बाहेर येत राहतं. वरून रंगाने तोंड बंद केलं की ते पाणी रंगालाच फोड आणून बाहेर पडतं. सावलीत, वारा लागेल अशा जागी, जाळीवर ठेवून वाळवा. गॅसवर किंवा ओव्हनमध्ये घालू नका. प्लॅस्टर तापवलं की कडा भुसभुशीत होतात.

तपासणी: चित्र गालाला लावा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. घरात लहान वजनकाटा असेल तर दोन दिवस लागोपाठ वजन करा. आकडा तोच आला की चित्र तयार.

प्लॅस्टरवर बुडबुड्यांची भोकं असतील तर पातळ प्लॅस्टरने बुजवायची, पण आधी ती जागा कुंचल्याने ओली करायची. कोरडं प्लॅस्टर लिंपणातलं पाणी ओढून घेतं आणि लिंपण दुसऱ्या दिवशी खपली होऊन पडतं.

*माती.* कच्च्या मातीचं चित्र धुवायचं नाही, मऊ कोरड्या कुंचल्याने झटकायचं. भाजलेलं चित्र धुतलं तर पुन्हा दोन दिवस वाळवायचं.

*प्लॅस्टिक आणि रेझिन.* साच्यातून माल सुटावा म्हणून आत तेलकट पदार्थ लावलेला असतो आणि तो चित्राच्या अंगावर उरतो. डोळ्यांना दिसत नाही. भांडी घासायचा साबण, कोमट पाणी आणि जुना दातांचा ब्रश घेऊन घासा. उकळतं पाणी नको, भाले वाकडे होतात. धुतल्यावर पुसू नका, फडक्याचे तंतू अडकतात. नुसतं निथळू द्या. रेझिनच्या छापील चित्राला साबणाआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन अतिनील प्रकाशात पूर्ण पक्कं करावं लागतं. ते काम छापणाऱ्याने केलं आहे का, हे विचारून घ्या.

सावधान: कच्चं रेझिन उघड्या हाताने धरू नका, नायट्राइलचे हातमोजे घाला. घासताना ओल्या पॉलिश पेपरने घासा, म्हणजे भुकटी उडणार नाही.

*साच्याची रेघ.* साच्याचे दोन भाग जुळतात तिथे चित्राच्या दोन्ही कुशींवरून एक उंच रेघ जाते. अनेकांना ती रंग दिल्यावरच दिसते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. कटरच्या पात्याची मागची बाजू तिच्यावरून हलक्या हाताने ओढा. प्लॅस्टरवर बारीक पॉलिश पेपर पुरे.

धुऊन वाळल्यावर चित्राला हाताने धरायचं नाही. बोटांचं तेलही तेलच असतं. बाटलीच्या झाकणावर दुहेरी चिकटपट्टी लावून चित्र तिच्यावर उभं करा आणि यापुढे झाकणालाच धरा.

३. अस्तर निवडा: माल बघून, रंग बघून नव्हे

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, "कोणत्या रंगाचं प्रायमर?" तो नंतरचा प्रश्न आहे. आधी मालाला काय चालतं ते ठरवा.

*प्लॅस्टर आणि भाजलेली माती.* यांची तहान ही खरी अडचण. कुंचला टेकवला की रंगातलं पाणी आत जातं, वर कोरडी पूड राहते आणि तीच नंतर बोटाला लागते. म्हणून दोन पायऱ्या हव्यात. आधी तहान भागवायची, मग अस्तर द्यायचं. तहान भागवायला पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग किंवा अ‍ॅक्रिलिक मीडियम (म्हणजे रंग न घातलेलं नुसतं अ‍ॅक्रिलिक) चौपट पाण्यात कालवून एक हात द्यायचा. तो पूर्ण आत जाऊ द्यायचा, वाळला की दुसरा. त्यानंतर अस्तर म्हणून चित्रकारांचं जेसो, म्हणजे कॅनव्हासला लावायचं पांढरं अस्तर, थोडं पातळ करून चालतं.

पांढरा फेव्हिकॉल पाण्यात कालवून लावायची पद्धत सर्रास आहे. कपाटात ठेवायच्या चित्रांना ती चालेल. किल्ल्यावर नाही. आपण अळीव पेरतो, रोज पाणी शिंपडतो, आणि साधा फेव्हिकॉल ओलाव्याने पुन्हा मऊ पडतो.

*कच्ची शाडू माती.* इथे पहिला हात पाण्याचा नकोच. पाणी लागलं की नाक-डोळे विरघळायला लागतात. सुतारकामाचं सामान मिळतं तिथे चपडा मिळतो, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. ५० मिलिलीटर स्पिरिटमध्ये ५ ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा आणि मऊ कुंचल्याने एकच पातळ हात द्या. स्पिरिटने माती विरघळत नाही, चपडा आत मुरतो आणि त्यावर पाण्यातलं अस्तर बिनधास्त देता येतं. चित्र चमकायला लागलं तर चपडा जास्त झाला असं समजा. तो हलकेच पॉलिश पेपरने मारून घ्या, नाहीतर वरचं अस्तर घसरेल.

सावधान: स्पिरिट पेट घेतं आणि दुकानात मिळतं ते विषारीही असतं. हे काम खिडकी उघडून, पणती-उदबत्तीपासून लांब, आणि मोठ्यांनीच करायचं.

*कडक प्लॅस्टिक आणि रेझिन.* चित्रांसाठीच बनवलेलं फवाऱ्याचं प्रायमर सगळ्यांत उत्तम. सिटाडेल, व्हायेहो, तामिया या कंपन्यांची अस्तरं भारतात छंदाच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. महाग वाटली तरी एका डब्यात बरीच चित्रं होतात. गाड्यांच्या रंगकामाचं फवारा प्रायमर स्वस्त पडतं आणि रेझिनवर चांगलं बसतं, पण त्यातला थिनर काही प्लॅस्टिकना मऊ करतो. म्हणून आधी मोडकं चित्र.

*मऊ प्लॅस्टिक.* यावर फवाऱ्याचं तेलकट किंवा लॅकर (तीव्र थिनरमधलं) अस्तर देऊ नका. अनेकदा ते कधीच पूर्ण वाळत नाही. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घातलेला पदार्थ अस्तरात उतरतो आणि आठवड्यानंतरही बोट चिकटतं. कुंचल्याने द्यायचं पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक-पॉलियुरेथेन अस्तर घ्या. ते लवचिक असतं, त्यामुळे भाला थोडा वाकला तरी लगेच तडकत नाही. काही मऊ प्लॅस्टिकवर मात्र काहीच टिकत नाही. खालच्या चिकटपट्टीच्या तपासणीत ते कळेल, आणि तसं असेल तर त्या चित्रांवर वेळ घालवू नका.

*काय घेऊ नये.* लोखंडाचं रेड ऑक्साइड, भिंतीचं प्रायमर, डिस्टेंपर. हे सगळं घरात पडलेलं असतं म्हणून वापरलं जातं. त्यांचा थर जाड आणि दाणा मोठा असतो. दाराच्या चौकटीवर ते शोभतं. चित्राचा डोळा मिलिमीटरभराचाही नसतो, एका हातात तो बुजतो. माळ्यावर पडून असलेला जुना ऑइल पेंटचा डबा तर मुलांच्या हातात देऊच नका. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात किती शिसं आहे हे नुसतं बघून कळत नाही.

४. अस्तराचा रंग ठरवा

आता तो प्रश्न. अस्तराचा रंग म्हणजे चित्राची सावली. कुंचला पोचत नाही त्या सगळ्या फटींत शेवटपर्यंत तोच दिसणार आहे.

काळं अस्तर चुका झाकतं. बगलेत, पागोट्याच्या पिळात, घोड्याच्या पोटाखाली आपोआप सावली मिळते. तलवारी, ढाली, तोफा आणि काळे-गडद घोडे यांना ते फार चांगलं. पण वरचे सगळे रंग ते एक पायरी विझवतं.

पांढऱ्यावर रंग उजळ दिसतात, मात्र राहिलेली प्रत्येक फट पांढरी चमकते. मुलं रंगवणार असतील तर पांढरं अस्तर टाळा.

राखाडी मधलं आहे, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने तेच घ्यावं. शिवाय राखाडीवर तपशील सगळ्यांत स्पष्ट दिसतो, त्यामुळे राहिलेली साच्याची रेघही याच वेळी सापडते.

मावळ्यांसाठी मी स्वतः तपकिरी अस्तर देतो. कातडी, चामडं, पागोटं, मातीने माखलेले पाय, सगळं उबदार रंगांचं असतं, आणि फटीत उरलेला तपकिरी रंग खऱ्या सावलीसारखा दिसतो. वेगळं तपकिरी प्रायमर शोधायची गरज नाही. राखाडी अस्तरावर पातळ तपकिरी अ‍ॅक्रिलिकचा एक हात दिला की झालं.

आता भगव्याबद्दल थोडं सविस्तर, कारण किल्ल्यावर नजर आधी तिकडे जाते आणि सगळ्यांत जास्त चित्रं तिथेच बिघडतात. नारिंगी, पिवळे आणि बरेचसे लाल रंग मुळातच पारदर्शक असतात. काळ्यावर दिले की खालचा काळा वर येतो, म्हणून आपण आणखी हात देतो, थर जाड होतो, घड्या बुजतात, आणि तरी रंग मळकटच. गेरूसारखे लोहाचे रंग आणि टिटॅनियम पांढरा यांचं तसं नाही, ते खालचं झाकतात. तेव्हा झेंडा, भगवं पागोटं आणि शेला एवढ्याच जागांवर आधी यलो ऑकरमध्ये (पिवळ्या मातीचा रंग) पांढरा मिसळून एक झाकणारा हात द्या. त्यावर नारिंगीचे दोन पातळ हात पुरतात. सावलीला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) वापरा, काळा नको. उजळ कडेला नारिंगीत पिवळा मिसळा. पांढरा मिसळला की भगव्याचा फिकट गुलाबी होतो.

कोणता रंग झाकतो आणि कोणता नाही, हे चित्रकारांच्या बहुतेक अ‍ॅक्रिलिक ट्यूबवर छापलेलं असतं. भरलेला चौकोन म्हणजे झाकणारा, रिकामा चौकोन म्हणजे पारदर्शक, अर्धा म्हणजे मधला. विकत घेताना ट्यूब उलटी करून बघा.

५. अस्तर द्या

*फवाऱ्याने.* दिवाळीच्या सुमाराला पहाटे दव पडतं आणि परतीचा पाऊसही येऊन जातो. हवा दमट असताना फवारा मारला तर अस्तरावर पांढुरकी साय धरते. सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ बरी, पण चित्र रखरखीत उन्हात ठेवू नका.

डबा आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवा. चित्रापासून २० ते २५ सेंटिमीटर लांब धरा. फवारा चित्राच्या बाहेर सुरू करायचा, चित्रावरून न्यायचा, बाहेरच थांबवायचा. फार जवळून मारलं तर ओघळ येतात. फार लांबून मारलं तर थेंब हवेतच सुकतात आणि अंग पॉलिश पेपरसारखं खरखरीत होतं. पहिल्या हातात चित्र पूर्ण झाकलं गेलं नाही तरी चालेल. वीस मिनिटांनी चित्र आडवं करून खालच्या बाजूने दुसरा हात द्या.

ज्यांचा हात बसला आहे त्यांनी एक गोष्ट जरूर करून बघावी: सगळीकडून काळं अस्तर, ते वाळल्यावर वरून तिरकस धरून पांढऱ्याची एक हलकी झुळूक. वरचा प्रकाश आणि खालची सावली रंग देण्याआधीच चित्रावर तयार मिळते, आणि पातळ रंगांखाली ती छान दिसते.

सावधान: फवारा मोकळ्या गच्चीवर मारा. कापडी मास्क धुळीपुरता असतो, थिनरच्या वाफेसाठी काडतुसाचा, म्हणजे वाफ अडवणाऱ्या गाळणीचा, मास्क लागतो. आसपास पणती, फुलबाजी, गॅस काही पेटतं नको. आणि चित्र थर्मोकोलच्या तुकड्यावर उभं करून फवारू नका. फवाऱ्यातला थिनर थर्मोकोल खातो. किल्ल्याचा बुरूज थर्मोकोलचा असेल तर त्याला आधी पाण्यातल्या रंगाचे दोन हात.

*कुंचल्याने.* मऊ, रुंद कुंचला घ्या. अस्तर पातळ दोन हातांत द्या, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. डोळ्यांत, बोटांमध्ये साचलेला थेंब कोरड्या कुंचल्याने लगेच टिपून घ्या. अस्तर तासाभरात वाळलेलं दिसतं, पण धरून बसायला पूर्ण दिवस घेतं, विशेषतः पॉलियुरेथेनचं. लवकर घासलं तर ते फुग्याच्या रबरासारखं सोलून निघतं.

तपासणी: २४ तासांनी मोडक्या चित्रावर साधी चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्याने ओढा. पट्टी स्वच्छ निघाली तर पुढे जा. अस्तर पट्टीवर आलं तर धुण्यात किंवा वाळवण्यात कमी पडलं आहे. अस्तर उतरवून टप्पा दोनवर परत जा. वरून आणखी एक हात देऊन हे बरं होत नाही.

६. रंग निवडा

शाळेच्या दप्तरातले पोस्टर कलर घेऊ नका. ते डिंकासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या चिकटावर बांधलेले असतात, त्यामुळे वाळल्यावरही पाणी लागलं की पुन्हा सुटतात. दुसरा हात देताना पहिला उचलला जातो आणि किल्ल्यावर पाणी शिंपडलं की ओघळतात. बाटली कोणती आहे याची खात्री नसेल तर प्लॅस्टिकच्या झाकणावर ठिपका द्या, पूर्ण वाळू द्या, ओल्या बोटाने चोळा. बोट रंगलं तर बाटली परत कपाटात.

पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग घ्या. पाणी उडून गेलं की त्यांचे कण एकमेकांत मिसळून प्लॅस्टिकसारखा थर होतो आणि तो पाण्याने परत सुटत नाही. तीन इंचांच्या वरच्या चित्रांना कॅमल किंवा फेव्हिक्रिलसारखे गावोगावी मिळणारे अ‍ॅक्रिलिक पूर्ण पुरेसे आहेत. छंदाचे खास रंग घ्यायचे ते लहान चित्रांसाठी. त्यांचा दाणा बारीक असतो, म्हणून पातळ केल्यावरही ते एकसारखे पसरतात.

सहा रंगांत किल्ला होतो: टिटॅनियम पांढरा, काळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, नारिंगी, आणि एक हिरवा किंवा निळा. वेगळी चंदेरी बाटली तलवारींसाठी. तयार मिळणारा "स्किन कलर" घेऊ नका. तो गुलाबी गोऱ्या कातडीचा असतो, उन्हापावसातल्या मावळ्याचा नाही. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा मिसळला की सह्याद्रीतली कातडी मिळते, आणि प्रमाण थोडं थोडं बदललं की प्रत्येक मावळा वेगळा दिसतो.

कशावर काय चालतं, याचा एकच नियम पाठ असू द्या. पूर्ण वाळलेल्या लॅकरवर किंवा ऑइल पेंटवर अ‍ॅक्रिलिक चालतं. ऑइल पेंटवर लॅकर किंवा तीव्र थिनरचा फवारा मारला तर खालचा थर सुरकुततो. तामियाच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये अल्कोहोल असतं, ते दुसऱ्या कंपनीच्या पाण्यातल्या रंगात मिसळलं तर रंग फाटतो. थरावर थर चालेल, बाटलीत मिसळणं नको.

७. रंग द्या

रंग म्हशीच्या निरशा दुधाइतका पातळ हवा. सायीसारखा असेल तर कुंचल्याच्या रेघा उमटतात, पाण्यासारखा असेल तर घड्यांत पळून जातो. ताटलीच्या कडेला एक थेंब ओढून बघा. कडेला गुळगुळीत चिकटून राहिला पाहिजे. नळाला बोअरचं जड पाणी येत असेल तर पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा, नाहीतर गडद रंगांवर वाळल्यावर पांढरे डाग दिसतात.

ऑक्टोबरच्या उन्हात ताटलीतला रंग पाच मिनिटांत सुकतो. स्टीलच्या पसरट डब्यात टिश्यू पेपरची घडी ओली करून ठेवा, वर बटर पेपर अंथरा आणि रंग त्याच्यावर काढा. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही तोच मिसळलेला रंग वापरता येतो. बारा मावळ्यांची पागोटी एकाच छटेची हवी असतील तर दुसरा सोपा मार्ग नाही.

क्रम आतून बाहेर: आधी कातडी, मग अंगावरचे कपडे, मग शेला-कमरबंद, मग चामडं आणि जोडे, सगळ्यांत शेवटी धातू. माणूस कपडे चढवतो तोच क्रम. असं केलं की आतल्या रंगाची कड बाहेरच्या रंगाने आपोआप नीट होते.

पांढरी बंडी थेट पांढऱ्याने रंगवू नका. पांढऱ्यात किंचित बर्न्ट सिएना आणि काळ्याचा कण मिसळून मळकट पांढरा करा आणि तो सगळीकडे द्या. घड्यांचे उंचवटे तेवढे शुद्ध पांढऱ्याने उजळा. आधीच सगळं शुभ्र केलं तर उजळायला काही उरत नाही आणि बंडी खडूसारखी दिसते.

प्रत्येक हातानंतर स्पर्शाला कोरडं होईपर्यंत थांबा. अर्धवट वाळलेल्या रंगावर कुंचला फिरवला की खालचा थर उचलला जातो आणि तिथे खड्डा पडतो. नजर चुकून असं झालं तर लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. पूर्ण वाळू द्या, मग भरा.

सगळं झाल्यावर तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून घड्यांमध्ये सोडा आणि उंचवट्यांवरून ओल्या कुंचल्याने लगेच पुसून घ्या. चेहऱ्यावर हे जपून. नाकाच्या बाजूला आणि भुवयांखाली पुरे.

चंदेरी रंगाला पाण्याची वाटी वेगळी घ्या. त्यातले चकाकणारे कण पाण्यात राहतात आणि पुढच्या मावळ्याच्या गालावर उगवतात.

८. वरचा हात आणि तळ

रंग पूर्ण दिवसभर वाळल्यावर मॅट (न चकाकणाऱ्या) अ‍ॅक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ हात. लाकडाचं वॉर्निश नको. ते पिवळं पडतं, भगव्याचा आणि पांढऱ्याचा दोघांचाही घात करतं. वॉर्निश फवाऱ्याचं असेल तर दमट हवेचा नियम इथे अस्तरापेक्षाही कडक पाळा. अस्तरावर धरलेली साय रंगाखाली झाकली जाते, वॉर्निशवरची मात्र सगळ्यांना दिसते.

आता चित्र उलटं करा. हा तळ जवळजवळ कुणी रंगवत नाही, आणि पायापासून सोलणारे मावळे इथूनच सुरू होतात. किल्ल्याची माती ओली असते, प्लॅस्टर तळातून ते पाणी वर ओढतं, आणि ते रंगाच्या मागून बाहेर यायला बघतं. माझ्या एका वर्षीच्या घोडेस्वारांचे पाय असेच तीन दिवसांत गेले. वरून तीन हात वॉर्निश होतं आणि तळ कोरा होता. तेव्हापासून तळाला तहान भागवायचे दोन हात, त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग, आणि तो वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात, एवढं मी कधीच चुकवत नाही. ऑइल पेंटचा हा थर वाळायला दोन दिवस जास्तीचे धरा. शाडूच्या चित्राला तर हे हवंच, आणि त्याशिवाय किल्ल्यावर ठेवताना खाली फरशीचा चपटा तुकडा किंवा प्लॅस्टिकचं झाकण ठेवून ते मातीने झाकून टाका.

तपासणी: तळावर पाण्याचा थेंब ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. थेंब गोल राहिला पाहिजे. पसरून आत गेला तर आणखी एक हात.

किल्ल्यावर पाणी शिंपडताना चित्रं उचलून बाजूला ठेवा आणि वरचा ओलावा मुरल्यावर परत मांडा. किल्ला उतरवल्यावर ती दोन दिवस सावलीत उघडी वाळू द्या, मग जुन्या सुती कापडात एकेक गुंडाळून ठेवा. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या बंडीला लागते, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत उरलासुरला ओलावा कोंडतो. मिसळलेल्या भगव्याची आणि कातडीची एकेक लहान बाटली झाकण घट्ट लावून त्याच खोक्यात ठेवा. पुढच्या वर्षी टवका उडालेला असेल तर नेमकी तीच छटा हाताशी असते.